कवळी आणि तिची सवय

मनुष्याला दात दोनदा येतात. दुधाचे दात साधारणतः सहाव्या वर्षापासून पडू लागतात, त्यांच्या जागी कायमचे दात येतात, आणि त्यानंतर निसर्ग तिसरी पंक्ती देत नाही. ही तिसरी पंक्ती माणसाने आपल्या हाताने घडविली. तिलाच कवळी म्हणतात. परंतु पुष्कळ घरांत असे दिसते की, मोठ्या खर्चाने करून आणलेली कवळी महिन्याभरात डबीत जाऊन पडते आणि घरातील वडीलधारे माणूस पुन्हा दूधभातावर येते. आहारातून भाजी, उसळ आणि फळे गेली की शरीर खंगू लागते. म्हणून कवळी म्हणजे काय आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा करावी, हे आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

कवळीचे पूर्वरूप फारसे सुखाचे नव्हते. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, त्या वेळी त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही समजूत खरी नव्हे. पाणघोड्याचा दात, माणसाचे दात आणि शिसे यांची ती जड घडण होती व स्प्रिंगांच्या जोरावर तोंडात कशीबशी राही. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कठीण रबराचा शोध लागला, तेव्हा कवळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आणि १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आल्यावर तिला हिरडीचा गुलाबी रंग लाभला.

कवळी तोंडात टिकते कशी? दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत. वरची कवळी ह्याच न्यायाने टाळूला चिकटते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, आणि कडा नीट बसल्या असतील तर आत हवा शिरत नाही. ज्यांचे तोंड औषधांमुळे किंवा अन्य कारणाने कोरडे पडते, त्यांची कवळी ढिली वाटते ती ह्यामुळेच. खालच्या कवळीला मात्र टाळूसारखी रुंद बैठक नाही. ती घोड्याच्या नालेसारखी असून मध्ये जीभ सतत हलत असते. म्हणून खालची कवळी हलते अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि तो दर वेळी वैद्याच्या हाताचा दोष नसतो.

दुसरे कारण हाडाचे. दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत अधिक असते. पुढे ती मंदावते, परंतु थांबत नाही, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात ती पुष्कळच जास्त होते. कवळी जशीच्या तशी राहते, तिच्याखालची जमीन मात्र बदलते. म्हणून दात काढल्यावर हिरड्या भरून येण्यास काही आठवडे देऊन मगच माप घेण्याची पद्धत आहे. दात काढल्याबरोबर कवळी बसविताही येते. पण तिला लवकरच आतून नवे अस्तर द्यावे लागते. कोणतीही कवळी जन्मभराची नव्हे. पाचसात वर्षांनी ती बदलण्याची वेळ बहुधा येते.

कवळी एका फेरीत होत नाही. प्रथम दोन्ही जबड्यांचे ठसे घेतात, मग मेणाच्या पट्ट्यांवर दोन जबड्यांतील अंतर आणि चावण्याची जुळणी ठरवितात. त्यानंतर मेणात दात रोवून ते तोंडात बसवून पाहतात. दातांचा रंग, आकार, ओठांची ठेवण याविषयी जे सांगावयाचे ते ह्याच वेळी सांगावे, आणि शक्य तर घरातील कोणास बरोबर न्यावे. कारण मेणाचे ॲक्रिलिक झाल्यावर फेरफार अवघड होतो.

पहिल्या दिवसांत तोंड भरल्यासारखे वाटते, लाळ सुटते, शब्द अडखळतात. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च वेगळे आहेत, आणि जीभ जेथे टेकून ते उच्चारले जातात तो भाग आता कवळीने झाकलेला असतो. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचन केल्यास जीभ नवी जागा शोधून काढते. जेवणात आरंभी मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असावी. घास लहान घ्यावा आणि तो दोन्ही बाजूंस वाटून चावावा. पुढच्या दातांनी तोडू गेल्यास कवळी मागून उचलली जाते. कवळीने चावण्याचा जोर मूळ दातांच्या सुमारे चौथाईच असतो. अख्खी सुपारी फोडणे हे तिचे काम नव्हे.

कोठे टोचले तर घरी कानस लावू नये. दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी काही तास कवळी घालून ठेवावी, म्हणजे लाल झालेली नेमकी जागा दिसते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. हिरड्यांस विसावा मिळतो. अहोरात्र घातलेल्या कवळीखाली बुरशी वाढून टाळू लाल होते, आणि मधुमेह्यांस हा त्रास अधिक होतो. स्वच्छतेसाठी मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवावे, म्हणजे हातून निसटली तरी ती फुटणार नाही. उकळते पाणी वापरल्यास तिचा आकार बिघडतो.

दात नाहीत म्हणून तोंडाची तपासणी नको, हा समज घातक आहे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसल्यास, विशेषतः तंबाखू, मिशरी किंवा गुटख्याची सवय असल्यास, ‘कवळी लागली असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो, आणि वेळीच ओळखल्यास उपचार होतो.

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे खुंट प्रथम रुग्णाला बसविले. खालच्या जबड्यात असे दोन खुंट रोवून त्यांवर कवळी अडकविली तर ती पुष्कळ स्थिर होते. मात्र हा उपाय खर्चिक आहे. ज्यांस तो परवडत नाही, त्यांना बांबोळी, इंदूर, हैदराबाद येथील सरकारी दंत महाविद्यालयांत चौकशी करता येईल. आणि ज्यांचे काही दात अद्याप शाबूत आहेत, त्यांनी ‘सगळेच काढून टाका’ म्हणण्यापूर्वी, त्यांपैकी एकदोन मुळे कवळीखाली राखता येतील काय, हे अवश्य विचारावे. मूळ राहिले तर त्याभोवतीचे हाड राहते, आणि हाड राहिले तर कवळी राहते.