चाळीसचा चौकोन सदतीसचा का होतो?

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. पाठोपाठ मे २०२५ मध्ये आयटीआय सुधारण्याच्या ६० हजार कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. तेव्हापासून बोलणं चालू आहे ते यंत्रांचं. कोणत्या शाळेला थ्रीडी प्रिंटर मिळणार, कोणत्या आयटीआयमध्ये नवं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) बसणार. ती यंत्रं कोणाच्या हाताखाली शिकायची, हा प्रश्न मागे पडतो. वसई-विरारने तरी तो मागे पडू देऊ नये, कारण इथे त्याचं उत्तर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

वसई पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव आणि पुढे पेल्हारपर्यंत इंडस्ट्रियल इस्टेटी पसरल्या आहेत. तिथल्या गाळ्यांत औषध कारखान्यांच्या मशीनचे सुटे भाग बनतात, प्लास्टिकचे मोल्ड आणि डाय कापले जातात, दिवसपाळी-रातपाळीत जॉबवर्क चालतं. याच शहरातल्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत कोणी हौशी माणूस ऑनलाइन मागवलेला छोटा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं कापण्याचं यंत्र, जोडत बसलेला असतो. कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेतून निवृत्त झालेला, कोणी अकरावीतली मुलगी. वालीवचा सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारा कारागीर, आणि बाल्कनीतला हा शिकाऊ यांची भाषा एकच आहे: मशीनला आज्ञा देणारा जी-कोड. तरी दोघांची कधी गाठ पडत नाही. ती पडायला हवी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

आधी हाताने लिहा

हौशी लोकांत सर्वाधिक चालणाऱ्या मशीनला तिच्या आकारावरून ‘३०१८’ म्हणतात: ३० सेंटीमीटर बाय १८ सेंटीमीटरचं टेबल. तिचा मेंदू बहुधा जीआरबीएल नावाचा फुकट, खुला प्रोग्राम असतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी तो २००९ मध्ये लोकांसमोर ठेवला आणि एका साध्या आर्डुइनो बोर्डावर सीएनसी चालू लागलं. मशीन आली की बहुतेक जण लगेच डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतात, बटण दाबतात आणि हजारो ओळींचा तयार कोड मशीनला देतात. नाव सुंदर कोरलं जातं, पण शिकणं तिथेच थांबतं. पुढे टूल मोडतं तेव्हा ते का मोडलं हे कळत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिला प्रोग्राम वहीत, हाताने लिहावा. तोही ४० मिलिमीटरच्या चौकोनाचा.

जी२१ जी९०
एम३ एस१००००
जी० झेड५
जी० एक्स० वाय०
जी१ झेड-१ एफ१००
जी१ एक्स४० एफ४००
जी१ वाय४०
जी१ एक्स०
जी१ वाय०
जी० झेड५
एम५
एम३०

जी२१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये. जी९० म्हणजे प्रत्येक माप ठरलेल्या शून्यापासून मोजायचं. एम३ ने स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, सुरू होतो, एस म्हणजे त्याचे मिनिटाचे फेरे, आणि एम५ ने तो थांबतो. एक्स आणि वाय या टेबलावरच्या दिशा, झेड ही टूलची वर-खाली. जी० ही हवेतली वेगवान चाल, जी१ ही कापण्याची सरळ चाल आणि एफ म्हणजे त्या चालीचा मिनिटाचा वेग. गोलाईसाठी पुढे जी२ आणि जी३ लागतात. बारा ओळींत एक पूर्ण काम उभं राहतं.

आता ३ मिलिमीटरच्या एंड मिलने, म्हणजे बाजूनेही कापणाऱ्या टूलने, हा चौकोन कापून मधला तुकडा व्हर्निअरने मोजा. तो ४० भरत नाही, ३७ भरतो. प्रोग्राममधला आकडा टूलच्या मध्यबिंदूचा असतो आणि टूल प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर आत खातं. ४० चा तुकडा हवा असेल तर टूल दीड मिलिमीटर बाहेरून न्यावं लागतं. कारखान्यातल्या कंट्रोलरवर त्यासाठी जी४१ आणि जी४२ आहेत. जीआरबीएलमध्ये ती सोय नाही, हिशेब आपणच करायचा. हे तीन मिलिमीटर एकदा स्वतःच्या हाताने हरवले की मशीनिंगचा निम्मा विचार डोक्यात बसतो: मशीनला आपल्या मनातला आकार ठाऊक नसतो, तिला फक्त वाट कळते.

सावकाश म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

नवा माणूस भीतीने वेग कमी ठेवतो. इथे गणित करावं. टूलच्या धारेचा कापण्याचा वेग मिनिटाला १०० मीटर धरला, तर ३ मिलिमीटरच्या टूलला मिनिटाला सुमारे १०,६०० फेरे लागतात. १०,००० फेरे, दोन धारा आणि प्रत्येक धारेने ०.०२ मिलिमीटर कापायचं, यांचा गुणाकार येतो ४००. वरच्या प्रोग्राममधला एफ४०० असा आला आहे. फेरे तेवढेच ठेवून तो ५० वर आणला, तर धार कापायचं सोडून घासू लागते. अॅक्रिलिक वितळून टूलला चिकटतं, लाकूड करपतं, धार जाते. धीर हवा तो खोलीच्या बाबतीत: छोट्या मशीनवर अॅल्युमिनियम एका खेपेत अगदी थोडंच उतरवावं.

दुसरी गोष्ट मोटरची. छोट्या मशीनवरच्या साध्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याच्या २०० पायऱ्या असतात. ड्रायव्हरने त्यांचे आठ भाग केले की १,६०० झाल्या, आणि स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकत असेल तर एका पायरीला कागदावर ५ मायक्रॉन येतात. प्रत्यक्षात सांगाडा दबतो, नट ढिला असतो आणि तेवढी अचूकता मिळत नाही. शिवाय पायरी चुकली तर या मशीनला ते समजतच नाही. गाळ्यातल्या सर्व्हो मोटरला एन्कोडर असतो, तो जागा सांगत राहतो. बाल्कनीतल्या मशीनची पावसाळ्यात मध्येच वीज गेली की जागेचा हिशेब पुसला जातो. म्हणून वर्क झिरो, म्हणजे मापांचं ठरलेलं शून्य, जॉबच्या अशा कोपऱ्यावर घ्यावा, जो पुन्हा बोटाने सापडेल. दमट हवेत एमडीएफ फुगतं आणि स्क्रूला गंज धरतो, तेव्हा पुसणं आणि तेल देणं हाही अभ्यासाचाच भाग. डोळ्यांवर गॉगल, एमडीएफच्या भुशासाठी मास्क, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही नाही, यात सवलत नको. नवा प्रोग्राम आधी हवेत चालवून पाहावा.

आकडे वाचणारा माणूस

या साऱ्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या मिशिगनचे जॉन पार्सन्स आहेत. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी वक्र साचे कापताना त्यांनी पंचकार्ड यंत्रावर बिंदूंचे तक्ते काढून घेतले. एक माणूस तक्त्यातले आकडे वाचायचा, दुसरा एक्सचं चाक फिरवायचा, तिसरा वायचं. पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९५२ मध्ये हे काम छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालवून दाखवलं. कोडची एक ओळ म्हणजे त्या वाचणाऱ्या माणसाची एक हाक. वहीत हाताने लिहिताना शिकणारा त्याच जागी उभा राहतो.

पाबळने दाखवलेली वाट

हाताने काम करत शिकण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत भक्कम दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा आहे, आणि आजच्या चर्चेत त्याचं नाव फार कमी ऐकू येतं याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएचडी केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरची नोकरी सोडून या दुष्काळी गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली मुलं इथे वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकली. जुन्या जीपचे भाग वापरून इथे ‘मेक-बुल’ हा छोटा ट्रॅक्टर बनवला गेला. मूलभूत तंत्रज्ञानाचा आश्रमाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांपर्यंत पोचला.

एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, जगभर नेण्याचं ठरवलं, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. मोठ्या शहराआधी त्या गावाला ती मिळाली, कारण तिथे शिकवणारे हात आणि सोडवायला खरे प्रश्न आधीपासून होते. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम चालू राहिलं. नव्या प्रयोगशाळांनी पाबळकडून हा क्रम उचलावा: आधी काम, मग शिकवणारा, मग यंत्र.

वसईने काय करावं

पाबळला जे कष्टाने जमवावं लागलं, ते वसईत आयतं आहे. खरे जॉब आहेत, ड्रॉइंग आहेत आणि नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालं हे ओळखणारे सेटर आहेत. त्या कानाचा धडा कोणत्याही व्हिडिओत मिळत नाही. शाळांकडे सुरुवातीचं साधनही आहे. अटल लॅबमधला थ्रीडी प्रिंटर जी-कोडवरच चालतो. त्याच्या फाइलमध्ये जी१ च्या ओळी उघड दिसतात. शिक्षकांनी मुलांना त्या वाचायला आणि बदलायला द्याव्यात.

गाळेवाल्यांची अडचण खरी आहे. व्हीएमसीचा तास पैशाचा असतो, नवख्याच्या हातून टूल आपटलं तर स्पिंडलचा खर्च मोठा येतो, आणि अपघाताची जबाबदारी कोण घेणार? म्हणून चालू उत्पादनाच्या मशीनवर हौशी माणसाला उभं करा असं मी म्हणणार नाही. महापालिकेने वसई पूर्वेला एक गाळा घ्यावा. त्यात दोन छोटे राउटर, एक जुनी मिलिंग, एक लेथ, मोजमापाची साधनं आणि विमा असावा. रविवारी एका अनुभवी सेटरला मानधन देऊन तिथे बोलवावं. निवृत्त टर्नर-फिटरांना आधी विचारावं. इस्टेटींच्या संघटनांनी उरलेले अॅल्युमिनियमचे तुकडे आणि वापरलेली टूल द्यावीत. आठवी-नववीची मुलं, गृहिणी, निवृत्त माणसं, सगळ्यांना दार खुलं असावं. गाळ्यांना यातून उद्याचे ऑपरेटर मिळतील, आणि शहराला आपल्याच कामगारांच्या कसबाची ओळख होईल.

सुरुवात खंडेनवमीला करता येईल. त्या दिवशी मशीन बंद असतात, पूजा होते, कामगारांच्या घरची माणसं गाळ्यात येतात. त्याच दिवशी जवळच्या शाळेतल्या मुलांनाही बोलवावं, सेटरने बंद मशीनपाशी ड्रॉइंग, टूल आणि वर्क झिरो समजावून सांगावा, आणि पुढच्या रविवारच्या वर्गासाठी तिथेच नावं लिहून घ्यावीत.