शेळीला सकाळपर्यंत ठेवायचं, की आत्ताच फोन करायचा?

मागच्या सुगीत आमच्या गटातल्या एका ताईंची गाभण शेळी दावं सोडवून ज्वारीच्या पोत्याला लागली. दिवेलागणीला बघतो तर करकर दात खात उभी, डावी बाजू फुगलेली. घरचे म्हणाले, सकाळपर्यंत उतरेल. आम्हीही तेच म्हणालो, हे कबूल करायला हवं. पहाटे शेळी गेली. तिच्यासाठी गटातून काढलेल्या कर्जाचे सात हप्ते तेव्हा बाकी होते.

शेळीच्या मोठ्या पोटात चारा आंबतो, वायू तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. दाणे, पीठ किंवा लग्नातला उरलेला भात एकदम पोटात गेला की आम्ल वाढतं, पोटाची हालचाल थांबते. वायू अडकला की फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि श्वास कोंडतो. म्हणून डाव्या भकाळीवर हात ठेवून बघायची सवय लावा. एरवी तिथं मऊ लागतं आणि मिनिटाला एक-दोनदा पोट हललेलं हाताला कळतं. ढोलासारखं ताठ लागलं, रवंथ बंद असलं, तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवा. ते येईपर्यंत शेळीला पुढचे पाय उंचावर ठेवून उभं करा. आडव्या पडलेल्या शेळीच्या तोंडात तेल ओतू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जातं आणि वाचणारी शेळीही दगावते.

कळा जोरात येऊन अर्धा-पाऊण तास झाला, तरी करडाचे पाय किंवा तोंड दिसत नाही, तेव्हाही थांबायचं नाही. ओढाओढ तर मुळीच नाही. बोकड सारखा कुंथतोय आणि थेंब थेंब मुततोय, तर त्याला मुतखडा असू शकतो. बायका याला बद्धकोष्ठ समजतात, तिथंच घात होतो.

बाकी बरंचसं दवाखान्याच्या दिवसापर्यंत थांबू शकतं. गोचीड, थोडं लंगडणं, खाणं-पिणं ठीक असताना केस राठ होणं. मात्र खालची पापणी ओढून बघा. गुलाबी असली तर बरं. पांढरी पडली असेल तर बहुधा जंतांनी रक्त शोषलंय, आणि जबड्याखाली सूज आली असेल तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यायची, कारण कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर तो आजार उसळतो. बुळकांडीची, म्हणजे पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की. जंताचं औषध वजनावर असतं. शेजारणीनं दिलं तेवढंच आपणही द्यायचं, असं नाही. गाभण शेळीला तर विचारूनच.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, फोनला पैसे लागत नाहीत. रात्री तो लागेलच असं नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचाही नंबर घेऊन ठेवा. फोनवर सांगायचं ते इतकंच: काय खाल्लं, कधीपासून, लेंड्या-लघवी होते का, किती महिन्यांची गाभण. दोन्ही नंबर गोठ्याच्या दाराला आतून खडूनं लिहा. नेमका तेव्हा घरातला मोबाईल शेतात गेलेला असतो, पण शेजारणीच्या फोनवरून तरी लावता येतो.