ग्रीन बेचा फुटबॉल-संघ : मालकी कोणाची, कारभार कोणाचा ?

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, मिशिगन सरोवराचा एक लांबट फांटा जेथें जमिनींत शिरतो त्याच्या टोंकाशीं, ग्रीन बे हें गांव वसलेलें आहे. २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती एक लाख सात हजारांच्या घरांत भरली. कागदाचे कारखाने, मांस डब्यांत भरण्याचा धंदा, लहानसें बंदर आणि भोंवतालचीं दूधदुभत्याचीं शेतें, हा या गांवाचा संसार. परंतु याच गांवीं ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील एवढें क्रीडांगण आहे. आणि न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजल्स अशा महानगरांच्या धंदेवाईक फुटबॉल-संघांशीं बरोबरीनें झुंजणारा एक संघ तेथें शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. ‘पॅकर्स’ हें त्याचें नांव.

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचें किंवा फेंकावयाचें असतें, आणि अंगावर चिलखतासारखा पोषाख चढवून एकमेकांस आडवें पाडण्यांतच खेळाचा बराचसा रंग असतो. पण येथें खेळाच्या नियमांशीं फारसें कर्तव्य नाहीं. प्रश्न निराळा आहे. ज्या धंद्यांत उत्पन्न प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून असतें, त्यांत लहान गांवाचा संघ टिकतो कसा ? आणि तो टिकला तर त्याचें श्रेय मालकीच्या पद्धतीस द्यावयाचें, कीं कारभाराच्या ?

न टिकणें हाच मुळांत नियम होता. १९२० मध्यें ओहायो संस्थानांतील कँटन या गांवीं, एका मोटारविक्याच्या दुकानांत, कांहीं संघांचे चालक एकत्र बसले आणि त्यांनीं धंदेवाईक फुटबॉलची लीग स्थापिली. त्या काळच्या संघांचीं गांवें पाहावींत: कँटन, रॉक आयलंड, डिकेटर, पुढें पॉट्सव्हिल, डुलुथ, पोर्ट्समथ. यांपैकीं एकाहि गांवीं आज त्या लीगचा संघ नाहीं. कँटनच्या संघानें १९२२ आणि १९२३ अशीं दोन वर्षें अजिंक्यपद मिळविलें, तरी तो गेला. डिकेटरची कथा तर मालकीच्या दृष्टीनें फार बोलकी आहे. तेथील संघ एका स्टार्चच्या कारखान्याच्या मालकानें पोसलेला होता. खर्च परवडेनासा झाला तेव्हां त्यानें संघाचा चालक जॉर्ज हॅलस यास पांच हजार डॉलर दिले आणि १९२१ मध्यें संघ शिकागोस नेण्याची मोकळीक दिली. तोच पुढें ‘शिकागो बेअर्स’ या नांवानें प्रसिद्धीस आला. पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्यें एका रेडिओ-केंद्राच्या मालकानें विकत घेतला आणि डेट्रॉइटला नेला. एका धन्याच्या मर्जीवर उभा असलेला संघ धन्याची मर्जी फिरतांच उठतो. लहान गांवाच्या हातीं त्याला अडविण्याचें साधन कांहींच नसतें.

ग्रीन बेचा आरंभहि याहून फारसा निराळा नव्हता. १९१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कर्ली लँबो नांवाचा एक तरुण आणि स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरींतील जॉर्ज कॅल्हून यांनीं संघ उभारला. लँबो ‘इंडियन पॅकिंग कंपनी’ या मांस डब्यांत भरणाऱ्या कारखान्यांत कारकून होता. (त्या नांवांतील ‘इंडियन’ शब्दाचा हिंदुस्थानाशीं संबंध नाहीं, हें सांगावयास नकोच.) गणवेष आणि साहित्य यांसाठीं कंपनीनें पांचशें डॉलर दिले, म्हणून संघाला ‘पॅकर्स’ हें नांव पडलें. १९२१ मध्यें संघ लीगमध्यें शिरला. परंतु त्याच वर्षीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना खोट्या नांवांनीं खेळविल्याबद्दल त्याचा परवाना गेला, आणि पुढच्या वर्षीं लँबोनें तो पुन्हां मिळविला. त्याच १९२२ सालीं पावसानें गल्ला बुडाला. पावसाचा विमा उतरलेला होता, पण विम्याच्या अटीस इंचाचा शंभरावा हिस्सा पाऊस कमी पडला आणि कंपनीनें हात झाडले, असें तेथें अजून सांगतात.

येथून मात्र ग्रीन बेची वाट निराळी झाली. वृत्तपत्राचा चालक टर्नबुल यानें गांवांतील व्यापाऱ्यांना आणि प्रतिष्ठित गृहस्थांना एकत्र केलें, आणि १९२३ मध्यें संघाची एक सार्वजनिक मंडळी स्थापन झाली. पांच डॉलरचा एक भाग, असे एक हजार भाग विकून पांच हजार डॉलर उभे राहिले. भाग घेणाऱ्यावर आणखी एक अट होती: त्यानें त्या हंगामाचीं सहा तिकिटेंहि विकत घ्यावींत. भांडवल आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच जाळ्यांत धरण्याची ही युक्ति साधी, पण मोठी धूर्त होती.

या भागाचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण सगळें मर्म त्यांत आहे. त्यावर नफ्याचा हिस्सा कधींच मिळत नाहीं. त्याची किंमत वाढत नाहीं. तो बाजारांत विकतां येत नाहीं. कुटुंबांतील माणसाच्या नांवें करतां येतो, एवढेंच. कोणाहि एका इसमास ठराविक मर्यादेपलीकडे भाग घेतां येत नाहींत, त्यामुळें कोणी धनिक ते गोळा करून संघ गिळंकृत करील ही भीति उरत नाहीं. शेवटची मेख तर याहून पक्की होती. संघ कधीं मोडून विकावा लागला तर देणीं भागवून उरणारी सर्व रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक संस्थेस, सैनिकांच्या स्मारकासाठीं, जावी असा नियम घातला गेला. १९९७ मध्यें तो बदलून ती रक्कम धर्मादाय निधीकडे जावी असें ठरलें. तात्पर्य, संघ विकून अथवा परगांवीं नेऊन कोणाच्याहि खिशांत एक कवडी पडत नाहीं. ज्याला विकण्याचा मोह व्हावा असा माणूसच या रचनेंत ठेवलेला नाहीं. आपल्याकडील वाचकांस सहकारी संस्था परिचित आहे. तींत सभासदास एक मत आणि बहुधा नफ्यांतील वांटा असतो. ग्रीन बेचा भाग त्याहूनहि निरिच्छ आहे. त्याला भाग म्हणण्यापेक्षां सार्वजनिक उत्सवाची वर्गणी म्हणणें अधिक योग्य होईल. पावती मात्र चौकटींत बसवून भिंतीवर लावण्याजोगी मिळते.

अशी वर्गणी गांवानें पुन्हां पुन्हां दिली. १९३१ मध्यें एक प्रेक्षक बैठकीवरून खालीं पडला, त्यानें दावा लावला, आणि भरपाईची हजारों डॉलरची रक्कम संघावर बसली. ज्या विमा कंपनीनें ती भरावयाची तीच बुडाली होती. १९३३ मध्यें संघ कोर्टाच्या ताब्यांत गेला. १९३५ मध्यें पुन्हां भाग विकून पंधरा हजार डॉलर जमा झाले तेव्हां तो सुटला. १९४९ सालीं तिजोरींत पुन्हां खडखडाट झाला. खेळाडूंच्या निवासासाठीं लँबोच्या आग्रहानें घेतलेली एक महागडी वास्तु, खेळाडू पळविणाऱ्या प्रतिस्पर्धी लीगशीं चाललेली चढाओढ, आणि मैदानावरील पराभव, हीं त्याचीं कारणें. बाहेरचें खासगी भांडवल आणून संघाचें स्वरूपच बदलावें असा विचार लँबोनें पुढें केला. संचालकांस तो रुचला नाहीं, आणि संस्थापक लँबो १९५० च्या आरंभीं गांव सोडून गेला. ती वास्तु त्याच जानेवारींत जळाली आणि तिच्या विम्याचे पैसे मात्र मिळाले. दोनदां दगा दिलेल्या विम्यानें तिसऱ्या वेळीं हात दिला ! त्या वर्षींच्या भागविक्रींत लाखाहून अधिक डॉलर जमले.

येथवरची कथा वाचून असें वाटेल कीं, लोकांची मालकी असली म्हणजे झालें. परंतु तें पुरेसें नव्हतें. गांवानें कितीहि प्रेम केलें तरी लाख वस्तीच्या गांवाची तिकीटविक्री आणि जाहिरातींचें उत्पन्न न्यूयॉर्कच्या तोडीचें होणें शक्य नाहीं. म्हणून ग्रीन बेचे लोक कित्येक दशकें, १९९४ पर्यंत, आपल्या संघाचे कांहीं सामने मिल्वॉकी या मोठ्या शहरीं भरवीत असत. १९५६ मध्यें नवें क्रीडांगण बांधण्यासाठीं गांवानें कर्ज काढावें कीं नाहीं, याविषयीं मतदान झालें. त्या वेळीं शिकागोचा तोच हॅलस, पॅकर्सचा कट्टर प्रतिस्पर्धी, ग्रीन बेच्या सभेंत येऊन क्रीडांगणाच्या बाजूनें बोलला. यांत औदार्य होतें, तसा हिशेबहि होता. प्रतिस्पर्धी बुडाला तर सामना कोणाशीं खेळावयाचा? लोकांनीं कौल दिला आणि १९५७ मध्यें क्रीडांगण उघडलें. लँबोच्या मृत्यूनंतर त्याला त्याचेंच नांव देण्यांत आलें.

खरा आधार आला तो टेलिव्हिजनमुळें. पूर्वीं प्रत्येक संघ आपापले सामने दाखविण्याचा हक्क स्वतंत्रपणें विकी, आणि मोठ्या शहराच्या संघाला अर्थातच मोठी रक्कम मिळे. लीगचा प्रमुख पीट रोझेल यानें मालकांची समजूत घातली कीं, सर्वांचे हक्क एकत्र विकावे आणि येणारी रक्कम सारखी वांटून घ्यावी. न्यूयॉर्क, शिकागो येथील मालकांस यांत तोटा दिसत होता, तरी त्यांनीं मान्य केलें. असा एकत्र सौदा मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याच्या कचाट्यांत सांपडला, तेव्हां १९६१ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष केनेडी यांच्या सहीनें खास कायदा झाला. त्यानंतरच्या करारानें वर्षास सेहेचाळीस लाख पन्नास हजार डॉलर ठरले, आणि चौदा संघांत ते समान वांटले गेले. ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकाच घांस मिळाला. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पॅकर्सच्या हिशेबांत एकूण उत्पन्न पासष्ट कोटी डॉलरांहून अधिक होतें, आणि त्यांतील चाळीस कोटींवर रक्कम लीगच्या समान वांटणींतून आलेली होती. १९९४ पासून खेळाडूंच्या वेतनावर सर्व संघांस एकच मर्यादा घातली गेली. तीहि लहान गांवाच्या पथ्यावर पडली.

मालकी गांवाची, उत्पन्नाची वांटणी समान. मग यश हुकमी असावें कीं नाहीं? तसें झालें नाहीं, आणि येथेंच कारभाराचा प्रश्न उभा राहतो. जेथें धनी कोणीच नाहीं तेथें सगळेच धनी होऊं पाहतात. पन्नास सालानंतरच्या दशकांत संचालकमंडळ आणि त्याची कार्यकारी समिति खेळाच्या बारीकसारीक गोष्टींतहि लक्ष घाली. दुकानदार, वकील, डॉक्टर असे ते गृहस्थ. हेतु निर्मळ, पण पराभवानंतर कोचाला जाब विचारावयाचा आणि अमक्याला कां खेळविलें नाहीं याची चौकशी करावयाची, हा शिरस्ता. १९५८ च्या हंगामांत बारा सामन्यांपैकीं एक जिंकला, एक बरोबरींत सुटला आणि दहा हरले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या संघांतील सहायक कोच व्हिन्स लोंबार्डी यास बोलावण्यांत आलें. कोच आणि सरव्यवस्थापक हीं दोन्ही पदें त्यानें मागितलीं, आणि मैदानावरील गोष्टींत समितीनें हात घालूं नये हें आरंभींच स्पष्ट केलें. समितीनें तें मानलें. १९६१ ते १९६७ या अवधींत संघानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. भाग तेच, गांव तेंच, कित्येक खेळाडूहि तेच. बदलला होता तो केवळ निर्णयाचा अधिकार.

पण या उपायांत एक काळकूट दडलेलें होतें. लोंबार्डी गेल्यावर दोन्ही पदें एकाच माणसाकडे ठेवण्याची वहिवाट राहिली, आणि प्रत्येक जण लोंबार्डी नसतो. १९७४ मध्यें तेव्हांच्या कोचानें उतरत्या वयाच्या एका खेळाडूसाठीं पुढील दोन वर्षांतील पांच निवडीचे हक्क देऊन टाकले. नवे खेळाडू निवडण्याचा हक्क हेंच ज्या धंद्यांतील बियाणें, तेथें त्यानें बियाणेंच विकून खाल्लें. १९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत संघ केवळ दोनदां बाद-फेरीपर्यंत पोंचला. एखाद्या खासगी मालकाचा संघ इतकीं वर्षें कुजला असता तर तो बहुधा दुसऱ्या शहरीं गेला असता. ग्रीन बेचा गेला नाहीं. लोकांच्या मालकीनें संघ राखला, पण तो सुधारला नाहीं. हीं दोन कामें वेगळीं आहेत.

१९८९ मध्यें बॉब हार्लन अध्यक्ष झाला. त्यानें १९९१ च्या नोव्हेंबरांत, हंगाम चालू असतांनाच, रॉन वुल्फ या खेळाडूंच्या पारख्यास सरव्यवस्थापक नेमलें आणि खेळाविषयींचा पूर्ण अधिकार त्याच्या हातीं दिला. कोच वेगळा, सरव्यवस्थापक वेगळा, आणि संचालकांचें काम हिशेब, क्रीडांगण व गांव यांपुरतें, अशी वांटणी झाली. वुल्फनें माइक होल्मग्रेन यास कोच केलें आणि अटलांटाच्या संघांत बाकावर बसून असलेला ब्रेट फार्व्ह आणला. १९९७ च्या जानेवारींत पॅकर्स पुन्हां अजिंक्य ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तेचाळीस वर्षांनीं भागविक्री निघाली. दोनशें डॉलरचा एक, असे सुमारें एक लाख वीस हजार भाग खपले.

या पद्धतीची दुसरीहि बाजू आहे. मालकानें स्वतःच्या संपत्तींतून पैसा ओतावा अशी सोय येथें नाहीं, म्हणून संघास मोठी गंगाजळी राखून ठेवावी लागते. क्रीडांगणाच्या विस्तारासाठीं २००० मध्यें ब्राऊन परगण्यांतील विक्रीवर अर्धा टक्का कर बसला, आणि फुटबॉलशीं ज्यांना कर्तव्य नाहीं त्यांनींहि तो २०१५ पर्यंत भरला. मतदानांत विरोध करणारे सत्तेचाळीस टक्के होते. भागधारकांची संख्या आतां पांच लाखांवर गेली आहे. ते जुलैंत वार्षिक सभेस जमतात, संचालकांची निवड करतात, टाळ्या वाजवितात. पण कोणास खेळवावें, कोणास काढावें, यांत त्यांचा शब्द चालत नाहीं. ते खरोखर मालक आहेत काय, असा प्रश्न अमेरिकेंत वेळोवेळीं विचारला जातो. तथापि १९८४ च्या मार्चमधील एका रात्रीं बाल्टिमोरच्या संघाचें सामान मालकानें मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला हलविलें, आणि शहराला सकाळीं जाग आली ती रिकाम्या कचेरीपाशीं. तेथील नागरिकांस विचारलें असतें तर ग्रीन बेचा तो कागदी भाग त्यांनीं आनंदानें घेतला असता.

तसें करण्याची वाट मात्र इतर गांवांना मोकळी नाहीं. संघाचे मालक मोजकेच असावे आणि त्यांतील एकाकडे ठळक वांटा असावा, असा लीगचा नियम आहे. ग्रीन बेची रचना त्या नियमापूर्वींची, म्हणून तेवढ्या एका संघास त्यांतून सूट मिळालेली आहे.