योगायोग आणि परमेश्वराचा हात

गाडी चुकते, पुढच्या गाडीत जुना स्नेही भेटतो आणि त्याच्या ओळखीने मुलाला नोकरी लागते. घरी येऊन आपण म्हणतो, ‘काय योगायोग पाहा!’ घरातली आजी म्हणते, ‘देवाच्याच मनात होते.’ या दोन उद्गारांत अंतर किती, आणि ख्रिस्ती विचार त्यांपैकी कोणत्या बाजूला उभा राहतो, हा प्रश्न आम्ही आज हाती घेतला आहे.

उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. गोष्टी काव्यावरून निघाल्या आणि धर्मावर येऊन ठेपल्या. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक वाचू लागले ते केवळ दिला शब्द पाळायचा म्हणून. पण डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता हा योगायोग की ईश्वरी योजना? ख्रिस्ती विचारवंत म्हणेल, ‘हा’ की ‘ती’ असा प्रश्नच करू नका. तेराव्या शतकातील थॉमस अ‍ॅक्विनास याने एक साधा दाखला दिला आहे. धनी आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी पाठवतो. एकाची दुसऱ्याला वार्ता नसते. तेथे ते भेटतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती भेट अकल्पितच असते, धन्याच्या दृष्टीने मात्र ठरलेली. बायबलातही योगायोगाचे वावडे नाही. विधवा रूथ सरवा वेचायला बाहेर पडते आणि नेमकी बवाजाच्या शेतात जाते. कथा सांगणारा ते सहज घडले असेच सांगतो. त्याच रूथच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मतो, हे मात्र तो कथेच्या अगदी शेवटी सांगतो. योजना दिसते ती अशी, मागे वळून पाहताना.

इथवर सारे गोड आहे. अडचण पुढे आहे. गाडी चुकली म्हणून अपघातातून वाचलेला माणूस म्हणतो, ‘देवाने मला वाचवले.’ मग जे त्या गाडीत होते, त्यांना देवाने काय केले? हा प्रश्न टाळणारी श्रद्धा आम्हांला तरी उथळ वाटते. येशूपुढे तो आलाच होता. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने स्वतःच विचारले आणि ‘नाही’ असे स्वच्छ उत्तर दिले. दमडीला विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचीही पित्याला जाणीव आहे, असे सांगताना चिमणी जमिनीवर पडतच नाही, असे तो म्हणत नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसाने आपल्या सुटकेबद्दल आभार जरूर मानावेत. पण त्या आभाराची फूटपट्टी करून शेजाऱ्याचे दुःख मोजू नये.

टिळकांच्याच घरात पाहा ना. आगगाडीतली जी भेट पतीला कृपा वाटली, तिच्यामुळे लक्ष्मीबाईंच्या संसारावर कुऱ्हाड कोसळली. नवरा बाटला, माहेर-सासर हादरले, काही वर्षे ताटातूट झाली. त्या दिवसांत कोणी त्यांना ‘बाई, ही देवाचीच योजना हो’ म्हणून समजावू लागला असता, तर आम्ही त्याला कठोर हृदयाचा म्हटले असते. आणि गंमत अशी, की त्या स्वतः ख्रिस्ती श्रद्धेकडे आल्या त्या कोणा अनोळखी प्रवाशाच्या पुस्तकाने नव्हे. पतीजवळ परतल्यावरही सोवळे-ओवळे पाळत, आपले अन्न वेगळे ठेवत, मनाशी झगडत त्या होत्या. एके दिवशी हा जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला आणि सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.