सीडी उतरायला इतका वेळ का लागतो?

बऱ्याच घरांत आणि वाचनालयांत अजून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे संगणक आहेत. नव्या संगणकाला बहुधा चकती घालायचा खणच नसतो. जुन्याला तो असतो, आणि जुन्याच्याच पोटात पुष्कळ काही साठलेले असते. लग्नातले फोटो, गावच्या जत्रेची चित्रे, म्हाताऱ्या माणसांचे आवाज. हे यंत्र कधी बंद पडेल याचा नेम नाही. म्हणून लोक त्यातला ऐवज सीडीवर किंवा डीव्हीडीवर उतरवून ठेवू बघतात. आणि तेथेच गाडी अडते. पूर्वी पाव तासात होणारे काम तास-तास रखडते. मग कोणी म्हणतो, यंत्र म्हातारे झाले. कोणी म्हणतो, नवा रायटर आणा.

रायटर म्हणजे चकतीवर लिहिणारा खण. पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. दोष कोठे आहे हे पैसे खर्च न करता ओळखता येते. ते कसे, हे आज पाहू.

आधी चकती कशी लिहिली जाते ते समजून घ्या. कोऱ्या चकतीत रंगाचा एक पातळ थर असतो. रायटरमधला लेसर किरण त्या थराला जागोजागी भाजतो. भाजलेली जागा आणि कोरी जागा, या दोन खुणांनी सारा मजकूर लिहिला जातो. म्हणूनच इंग्रजीत या कामाला ‘बर्न’ करणे म्हणतात. लिहिण्याची वाट आतून बाहेर गोल गोल जाते. सीडीवरची ही वाट उलगडून सरळ केली, तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल! एवढ्या वाटेवर किरण न चुकता चालतो.

आता वेगाचा हिशेब. एक बाइट म्हणजे इंग्रजीतले एक अक्षर मावेल एवढी जागा. हजार बाइटांचा एक किलोबाइट धरा, आणि हजार किलोबाइटांचा एक मेगाबाइट. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० किलोबाइट. या वेगाने ७०० मेगाबाइटांची सीडी भरायला ८० मिनिटे लागतात. रायटरवर ‘१६ एक्स’ लिहिलेले असते, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट. तेव्हा ८० भागिले १६, पाच मिनिटे. सुरुवातीची आणि शेवटची आवराआवर धरून थोडी जास्त. डीव्हीडीचा मूळ वेग सीडीच्या नऊ पटींहून अधिक असतो. पूर्ण डीव्हीडी मूळ वेगाने तासाभरात भरते, चौपट वेगाने पाव तासात. तुमच्या यंत्राला किती वेळ लागायला हवा, हा हिशेब आधी कागदावर करा. मग घड्याळ लावा. नुसते ‘लई हळू चाललंय’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. विहिरीवर मोट चालत असे तेव्हा पाणी थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने वाफ्यात जाई. मोटा गेल्या, विजेचे पंप आले, तरी शेतावर हौद असतोच. पंप हौदात पाणी टाकतो, हौदातून पाणी पाटाला लागते. पंप क्षणभर थांबला, तरी पाट वाहता राहतो.

रायटरमध्येही असा एक हौद असतो. त्याला ‘बफर’ म्हणतात. संगणकाच्या हार्ड डिस्कवरून मजकूर आधी या हौदात येतो, आणि हौदातून लेसर तो चकतीवर लिहितो. हौद लहान असतो, बहुधा दोन मेगाबाइटांचा. सोळा पट वेगाने लिहिताना तो सेकंदाच्या आत रिकामा होतो. पहिल्या रायटरांत हौद कोरडा पडला की लेसर मध्येच थांबे आणि चकती वाया जाई. पुढे २००० सालच्या सुमारास सान्यो या जपानी कंपनीने नवी युक्ती काढली. हौद रिकामा झाला तर रायटर थांबतो, जागा लक्षात ठेवतो, आणि पाणी आले की नेमके तेथूनच पुढे लिहितो. इतरांनीही अशा युक्त्या घेतल्या. चकत्या वाचल्या, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे दोष झाकला गेला. पूर्वी पाणी कमी पडले तर काम बिघडायचे, आता ते नुसते रेंगाळते.

म्हणून चकती लिहिताना पडद्याकडे बघा. बहुतेक प्रोग्रामांत बफर किती भरला आहे ते दाखवणारी पट्टी असते. ती सतत वरखाली होत असेल, सारखी शून्यावर येत असेल, तर हौदात पाणी पोचत नाही. दोष मागे आहे, विहिरीत किंवा पाइपात. पट्टी भरलेलीच राहात असेल आणि तरी काम सावकाश होत असेल, तर दोष पुढे आहे, वाफ्यात. एवढे कळले की निम्मे काम झाले.

हौद रिकामा पडण्याचे एक कारण जुन्या यंत्रांत फार आढळते. विंडोज एक्सपी ही कामाची प्रणाली २००१ साली निघाली आणि २०१४ साली कंपनीने तिची देखभाल थांबवली, तरी जुन्या यंत्रांवर ती अजून असते. तिच्यात मजकूर वाहून नेण्याच्या दोन रीती आहेत. एकीला ‘डीएमए’ म्हणतात. ही पाइपलाइन समजा. मालकाने चावी सोडली की पाणी आपोआप जाते, मालक दुसऱ्या कामाला मोकळा. दुसरी ‘पीआयओ’. तिच्यात मालक स्वतः घागरी वाहतो! मालक म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. तो घागरी वाहू लागला की सारे घर खोळंबते. पडद्यावरचा बाण अडखळत चालतो, दुसरा प्रोग्राम उघडत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

घागरी वाहायची पाळी का येते? पाइपात गळती दिसली, म्हणजे मजकूर नेताना सहाहून अधिक वेळा चूक झाली, की विंडोज घाबरते आणि पाइप बंद करून घागरी सुरू करते. चुकीचे कारण पुढे दूर झाले, तरी ती पाइप आपणहून पुन्हा उघडतेच असे नाही. माणसांतही असे असतात, एकदा दूध पोळले की ताकही फुंकून पितात.

आमच्या वाचनालयात हेच झाले. संगणकात गावातल्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या भरून ठेवल्या होत्या. त्यांतल्या तिघी आता नाहीत. डीव्हीडी उतरायला तासाहून जास्त लागू लागला. तालुक्याच्या दुकानदाराने नवा रायटर घ्या म्हणून सांगितले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने बफरची पट्टी पाहिली, बाण अडखळताना पाहिला, आणि दहा मिनिटांत काम केले. एक पैसा लागला नाही.

त्याने काय केले ते सांगतो. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘हार्डवेअर’, मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले. तेथे ‘आयडीई’ नावाची ओळ असते. तिच्याखाली ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ असे दोन चॅनेल असतात. रायटर बहुधा सेकंडरीवर असतो. त्यावर दोनदा टिचकी मारून ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ पाहिले. ‘करंट ट्रान्सफर मोड’ समोर ‘पीआयओ’ होते. वरच्या रकान्यात ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडून यंत्र बंद करून चालू केले. तरी पीआयओच राहिले. तेव्हा त्याने तो चॅनेल ‘अनइन्स्टॉल’ केला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. विंडोजने चॅनेल नव्याने ओळखला, जुन्या चुकांची वही कोरी झाली, आणि डीएमए सुरू झाले.

मात्र काही दिवसांनी पुन्हा पीआयओ दिसले, तर खरी गळती शोधायला हवी. ती बहुधा केबलीत असते. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क आणि रायटर यांना चपट्या पट्टीसारखी केबल असते. यंत्र बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पेटीच्या धातूला हात लावा आणि मगच केबल नीट दाबून बसवा. घडी पडून तारा मोडल्या असतील तर बदला. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच केबलीवर असतील तर दोघांना आळीपाळीने वाट द्यावी लागते. दोघांना वेगळी केबल असलेली बरी. हे काम जाणत्याकडून करून घ्या.

रायटर बाहेरून यूएसबीने जोडला असेल, तर खाच कोणती ते विचारा. यूएसबीची जुनी १.१ जात सेकंदाला मेगाबाइटभर मजकूर नेते. डीव्हीडीचा मूळ वेगसुद्धा तिला झेपत नाही. मग हौद कोरडाच राहणार. बाकी कारणे साधी आहेत. हार्ड डिस्क काठोकाठ भरलेली असणे, हजारो बारके फोटो विखुरलेले असणे, त्याच वेळी व्हायरस तपासणारा प्रोग्राम चालणे. लिहिताना दुसरे काही चालवू नये, आणि डिस्कवर दोन-तीन चकत्यांइतकी जागा मोकळी ठेवावी.

आता हौद भरलेला असेल तर? प्रथम प्रोग्रामात वेग कोणता निवडला आहे ते पाहा. कोणीतरी ‘४ एक्स’ करून ठेवलेले असते! मग दुसऱ्या बनावटीची कोरी चकती लावून पाहा. चकती ओळखीची नसली तर रायटर जपून, सावकाश लिहितो. तरी फरक पडला नाही, तर लेसरच्या भिंगावर धूळ असेल किंवा लेसर थकला असेल. असे झाले तरच नवा रायटर घ्यायचा.

सर्वांत जास्त वेग निवडावा असे मात्र आम्हाला वाटत नाही. जुन्या रायटरला मधला वेग मानवतो. पाच मिनिटे जास्त गेली तर काय बिघडले? पेन-ड्राइव्हवर एक प्रत जरूर ठेवा. पण तिच्यावरचे चुकून पुसले जाते. एकदाच लिहायच्या चकतीवरचे तसे पुसता येत नाही.

चकती तयार झाली की ‘व्हेरिफाय’ करून घ्या, म्हणजे यंत्र लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहते. नंतर ती दुसऱ्या यंत्रात घालून चार-दोन ओव्या वाजवून पाहा, शेवटच्या भागातल्या सुद्धा. मगच पाकिटात घाला, तारीख टाका आणि उन्हापासून दूर कपाटात ठेवा.