जुन्या धाग्यांचं करायचं काय?

२९ जानेवारी १९९२ रोजी अ‍ॅम्स्टरडॅममधले संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी यूजनेट या चर्चांच्या जाळ्यावर, त्यांच्याच मिनिक्स या कार्यप्रणालीच्या चर्चागटात एक संदेश टाकला. लिनक्स कालबाह्य झालं आहे, असा निकाल त्यांनी शीर्षकातच देऊन टाकला होता. पाचच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकीचा लायनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी याच गटात आपल्या नव्या कार्यप्रणालीची बातमी देऊन गेला होता. हा आपला छंद आहे, यातून फार मोठं काही उभं राहणार नाही, असं त्यानं तेव्हा लिहिलं होतं. टॅनेनबॉम यांचा आक्षेप रचनेवर होता. प्रणालीचा सगळा गाभा एकसंध ठेवणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांत लोक कुठली यंत्रं आणि कुठली प्रणाली वापरत असतील, याचंही भाकीत त्यांनी त्या चर्चेत करून ठेवलं.

दोघांचेही अंदाज चुकले. आज अँड्रॉइडचा प्रत्येक फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. तरी ती चर्चा विद्यार्थी अजून वाचतात, आणि १९९९ मध्ये ओरायली प्रकाशनानं ती ‘ओपन सोर्सेस’ या पुस्तकाच्या परिशिष्टात छापली. कुणी नंतर त्या संदेशांमधली चुकलेली भाकितं ‘सुधारली’ असती तर वाचण्यासारखं काय उरलं असतं? शिवाय वाद पूर्ण मिटलेलाही नाही. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या व्यवस्थापन-यंत्रणेत टॅनेनबॉम यांचीच मिनिक्स चालते, हे २०१७ मध्ये सगळ्यांना कळलं. चर्चा शिळी होते तेव्हा तिचा निष्कर्ष शिळा होतो. माणसं त्या निष्कर्षापर्यंत कुठल्या वाटेनं गेली, ते शिळं होत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत जुन्या चर्चांशी आपण कसे वागलो, याचा मागोवा मला याच कसोटीवर घ्यायचा आहे.

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचली. विद्यापीठांचे संगणक फोनच्या तारेवरून एकमेकांना संदेश पोचवत. डिस्क महाग होती, त्यामुळे काही दिवस किंवा आठवडे झाले की संदेश आपोआप पुसले जात. जुन्या धाग्याचा, म्हणजे जुन्या चर्चेचा, प्रश्नच उद्भवत नसे, पण दुसरा उभा राहिला: तेच तेच प्रश्न दर महिन्याला नव्यानं येऊ लागले. त्यातून ‘नेहमीचे प्रश्न’ गोळा करून ठराविक काळानं पुन्हा टाकण्याची प्रथा रुजली. या याद्या कुणीतरी पदरचा वेळ घालून सांभाळायचा, त्यात दुरुस्त्या करायचा आणि वर दिनांक घालायचा. माझ्या मते जुन्या चर्चेची निगा राखण्याचा हा सगळ्यात शहाणा मार्ग होता, कारण त्यात एक माणूस जबाबदार असे.

मूळ संदेश मात्र बहुतेक नाहीसेच व्हायचे. वाचले ते टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या हेन्री स्पेन्सर यांच्यामुळे. १९८१ पासून दहाएक वर्षं ते चुंबकीय फितींवर हे संदेश साठवत राहिले. १९९५ मध्ये डेजान्यूज या कंपनीनं यूजनेट शोधण्याची सोय केली आणि लोक दचकले. दोन आठवड्यांत विरून जाईल म्हणून लिहिलेलं आता कायमचं राहणार होतं. ज्यांना ते नको होतं, त्यांच्यासाठी ‘साठवू नका’ अशी खूण संदेशाच्या माथ्यावर घालण्याची सोय निघाली. २००१ मध्ये गूगलनं हा साठा विकत घेतला, स्पेन्सर यांच्या फितींवरचा मजकूर त्यात मिळवला आणि वीस वर्षांचं यूजनेट एका ठिकाणी आणलं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं यूजनेटवरचे नवे संदेश घेणं थांबवलं. जुना साठा तिथे आहे, पण तो किती काळ ठेवायचा हे एक कंपनी ठरवणार.

याच काळात शेजारीच एक वेगळी शिस्त वाढत होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याच्या कामासाठी पहिलं ‘आरएफसी’ टिपण लिहिलं, म्हणजे मतं मागवणारं टिपण. आज या टिपणांचे क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत आणि इंटरनेटचे बहुतेक नियम त्यांतच आहेत. एकदा प्रसिद्ध झालेलं टिपण कधीही बदलत नाहीत. चूक सापडली तर शुद्धिपत्र वेगळं. नियम बदलला तर नवं टिपण, नवा क्रमांक. नव्याच्या माथ्यावर लिहितात की यानं अमुक टिपण रद्द झालं, आणि जुन्याच्या नोंदीत लिहितात की हे अमुक टिपणानं रद्द केलं. ईमेलच्या मांडणीचं १९८२ चं ८२२ क्रमांकाचं टिपण २००१ मध्ये २८२२ नं बाजूला सारलं, त्याला २००८ मध्ये ५३२२ नं. तिन्ही आजही वाचता येतात, आणि कुठल्याही एकापाशी पोचलात तरी पुढचं कुठलं ते कळतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करून शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. नेमकं तेच.

वेबवरच्या चर्चास्थळांनी ही शिस्त उचलली नाही. २००० च्या सुमारास पीएचपीबीबी, व्हीबुलेटिन अशी सॉफ्टवेअरं आली आणि त्यांच्यामागून मोटारदुरुस्तीपासून मधुमेहापर्यंत हजारो स्थळं उभी राहिली. तिथे नवा प्रतिसाद पडला की धागा यादीत सगळ्यात वर येतो. सात वर्षांपूर्वीच्या धाग्यावर कुणी ‘धन्यवाद’ लिहिलं की तो वर येणार, आणि तारीख न बघता दहा जण मूळ प्रश्नाला उत्तरं देत सुटणार. व्यवस्थापक वैतागणं स्वाभाविक होतं. जुना धागा उकरून काढणाऱ्याला झापायचं किंवा ठराविक मुदतीनंतर धाग्याला कुलूप लावायचं, ही रीत पडली. रेडिट या चर्चास्थळावर तर सहा महिने उलटले की धागा आपोआप बंद व्हायचा. २०२१ मध्ये ते प्रत्येक गटाच्या मर्जीवर सोडलं.

सरसकट कुलूप मला पटत नाही. ज्याला त्याच अडचणीवर शेवटी खरं उत्तर सापडलं, तोच दाराबाहेर राहतो. चुकीचं उत्तर आत सुरक्षित असतं, शोधयंत्र ते पहिल्या पानावर दाखवत राहतं, आणि खाली ‘आता हे असं नाही’ एवढी एक ओळ लिहायला जागा नसते.

आणखी एक नुकसान धाग्याबाहेरून झालं. जून २०१७ मध्ये फोटोबकेट या चित्रं साठवणाऱ्या स्थळानं नियम बदलले आणि दुसऱ्या स्थळांवर चित्रं दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे चारशे डॉलर मागितले. गाड्या, रेडिओ, कॅमेरे दुरुस्त करायचे टप्प्याटप्प्यानं समजावणारे असंख्य धागे एका रात्रीत आंधळे झाले. मजकूर ‘खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे’ म्हणतो आणि खाली चित्र नाही.

प्रश्नोत्तरांसाठी २००८ मध्ये निघालेलं स्टॅक ओव्हरफ्लो या बाबतीत बरंच पुढे गेलं. तिथे उत्तर दुसऱ्यालाही सुधारता येतं आणि आधीच्या आवृत्त्या मागे राहतात. तरी एक खोच राहिली. प्रश्नकर्त्यानं पसंत केलेलं उत्तर कायम सगळ्यात वर चिकटून असे, मग ते पायथन या संगणकभाषेच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीसाठी का असेना. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, पण शिकाऊ मुलं त्याच उत्तरातल्या ओळी उतरवून घेत आणि त्या चालत का नाहीत म्हणून नवा प्रश्न टाकत. २०२१ मध्ये पसंत उत्तराची ही जागा काढली गेली, आणि पुढच्या वर्षी ताज्या मतांना जास्त वजन देणारी क्रमवारी आली. तेरा-चौदा वर्षं लागली, पण प्रश्न मान्य केला गेला.

पुसून टाकण्याची उदाहरणं मात्र कुणाला शोधावी लागणार नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि भारतातल्या एका पिढीच्या गप्पा त्याच्याबरोबर गेल्या. याहू ग्रूप्सचा साठा २०१९-२० मध्ये काढून टाकला गेला. स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तितका उतरवून घेतला. याहू आन्सर्स मे २०२१ मध्ये मिटलं. पुढची चर्चा व्हॉट्सअ‍ॅप आणि डिस्कॉर्डच्या बंद खोल्यांत गेली, जिथे शोधयंत्र पोचत नाही. तिथे प्रत्येक प्रश्न दर वेळी पहिल्यांदाच विचारला जातो. जुन्या धाग्याचा त्रास नको म्हणणाऱ्यांनी या खोल्यांत चार दिवस काढून पाहावेत.

विस्मरणाचा हक्क मला मान्य आहे. विशीत कुणी स्वतःच्या आजाराबद्दल किंवा घरातल्या भांडणाबद्दल लिहिलेलं पन्नाशीत त्याच्या नावापाशी येऊ नये. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयानं एका स्पॅनिश नागरिकाच्या खटल्यात जो तोडगा काढला, तो इथे लागू पडतो: वृत्तपत्रातली १९९८ ची नोंद तिथेच राहिली, नावानं शोधल्यावर तिच्याकडे जाणारा गूगलचा दुवा तेवढा काढायला लागला. नाव झाकावं, मजकूर ठेवावा. सगळा धागाच उडवला तर इतर वीस जणांचं लिहिणंही जातं.

आता नवी अडचण आहे. २०२४ मध्ये रेडिटनं गूगलशी आणि स्टॅक ओव्हरफ्लोनं ओपनएआयशी करार केले, आणि हा साठा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रारूपांच्या कामाला लागला. जुन्या धाग्यात निदान वर तारीख दिसायची, वाचणारा सावध व्हायचा. यंत्र तोच सल्ला आजच्या स्वच्छ वाक्यात सांगतं आणि तारीख वाटेत गळते.

मराठीत हे सगळं आपण आपल्या परीनं अनुभवलं आहे. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे, मनोगत आणि मिसळपाव त्यानंतरची. मायबोलीवरची गप्पांची ‘वाहती पानं’ ही मला फार समंजस सोय वाटते: नवं लिहिलं की जुनं वाहून जातं, आणि तसं होणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. माहितीचे धागे वेगळे, ते राहतात. पण राहिलेल्या धाग्यांची निगा कोण करतो? परदेशातल्या मराठी माणसांनी पीआयओ आणि ओसीआय या, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या, कार्डांबद्दल एकमेकांना भरभरून मदत केली. पीआयओ कार्डाची योजना जानेवारी २०१५ मध्ये गुंडाळली गेली. पन्नाशीनंतरच्या नव्या पासपोर्टसाठी ओसीआय पुन्हा काढण्याची अट एप्रिल २०२१ मध्ये गेली. त्याआधीचा प्रेमानं लिहिलेला, अचूक सल्ला आज एखाद्या आजीला विनाकारण अर्ज भरायला लावू शकतो. अशा धाग्याच्या माथ्यावर ‘नियम बदलला, नवा धागा इथे’ एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि ते काम स्थळाच्या व्यवस्थापकांनी जाणत्या सभासदांना सोपवावं.

त्याहून जुनं लेखन आणखी अडचणीत आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर कुणी रोमन लिपीत टंकत असे, कुणी आपापल्या फाँटमध्ये. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते, आणि शोधयंत्रालाही तेवढंच दिसतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला तो काळ नि ती भाषा ओळखणारा डोळा लागतो. तेव्हा तिशीत लिहिणारी माणसं आज साठीत आहेत. हे तपासण्याचं काम आत्ताच, त्यांच्या हातून करून घ्यायला हवं.