शेंग तरंगते, दाणा बुडतो!

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला की बंगळुरूच्या बसवनगुडीत जिकडे तिकडे शेंगांचे ढीग! ही कडलेकायी परिषे. कडलेकायी म्हणजे आपल्या भुईमुगाच्या शेंगा आणि परिषे म्हणजे जत्रा. तिथल्या देवळात एकाच दगडातून घडवलेला, सुमारे साडेचार मीटर उंच नंदी आहे. आधी त्याला शेंगा वाहायच्या, मग पिशवी भरून घरी.

खरी गंमत घरी सुरू होते. शेंगा उकडायला पाण्यात टाकल्या की सगळ्या वर! बोटाने दाबा, पुन्हा टुणकन वर. म्हणून तर आई त्यांच्यावर ताटली दाबून ठेवते. आता एक शेंग फोडा आणि दाणे पाण्यात टाका. बहुतेक दाणे थेट तळाला. अरेच्चा! टरफलात होते तेव्हा तरंगत होते की!

एक पातेलं परातीत ठेवून काठोकाठ भरा. त्यात 100 ग्रॅम शेंगा हळूच सोडा. परातीत सांडलेलं पाणी मोजा. ते जवळपास 100 मिलिलिटर भरेल, म्हणजे वजनाने 100 ग्रॅमच! तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि तेवढ्याच जोराने पाणी तिला वर उचलून धरतं. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने हे सुमारे 2200 वर्षांपूर्वी ओळखलं.

मग दाणा का बुडतो? कारण तो छोटा आणि घट्ट. पूर्ण बुडाला तरी त्याच्या वजनाइतकं पाणी हटवायला त्याचा आकार पुरत नाही. शेंगेत मात्र दाण्याभोवती हवा असते. हवेला वजन जवळजवळ नाही, पण जागा ऐसपैस! मला तर शेंग म्हणजे दोन प्रवासी घेतलेली होडीच वाटते. हलसूर तलावातल्या नावेतही हीच युक्ती आहे. 30 किलोचं मूल नावेत चढलं की नाव थोडी खाली जाते आणि आणखी 30 लिटर पाणी सारते. बस्स, हिशोब पूर्ण!

शेंगा उकडून झाल्या की ताटली काढा आणि नीट बघा. आता कितीतरी शेंगा खालीच राहिलेल्या दिसतील. टरफलातून पाणी आत शिरलं आणि हवा बुडबुडे होऊन निघून गेली. खालची एक शेंग उचलून फोडा, आतलं गरम खारट पाणी बोटांवर येईल. जरा जपून हं!